जोखमीनुसार चाचणी : यादीत आकडे लिहावेत की गृहीतके?

दशमान (धागाकर्ता)

दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका लहान कंपनीत मी चाचणीचे काम पाहतो. सकाळ-संध्याकाळच्या सत्रात काट्यावरून वजन घेणे, फॅट मशीनकडून फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातले इतर घन घटक) वाचणे, दरपत्रकानुसार रक्कम काढणे आणि दर दहा दिवसांनी पशुखाद्य व उचल कापून उत्पादकाचे बिल तयार करणे, एवढाच आमच्या प्रणालीचा पसारा आहे. त्यासाठी आमच्याकडे टेस्ट केस (ठरावीक माहिती देऊन अपेक्षित उत्तर येते का, हे पाहण्याचे नमुने) शेकड्यांनी होत्या. तरीही काही काळापूर्वी एक मोठी चूक आमच्या हातून निसटली. बिलाच्या मुदतीच्या मधोमध दरपत्रक बदलले आणि प्रणालीने संपूर्ण दहा दिवसांच्या दुधाला नवा दर लावला. दर वाढलेला असल्यामुळे उत्पादकांकडून तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता. संस्थेच्या सचिवांचा ताळा जुळेना, तेव्हा कोठे ती उघडकीस आली, आणि तोवर पैसे वाटून झाले होते. वाटलेले पैसे परत मागणे कोणत्याही गावात किती अवघड असते, हे येथे सांगायला नको.

नंतर आम्ही मागे वळून पाहिले. पावतीवरचे रकाने नीट छापले जातात की नाही, हे आम्ही प्रत्येक रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती देताना, तपासत होतो, कारण ते तपासणे सोपे होते आणि पूर्वी त्यावर बोलणी खाल्ली होती. दरबदलासाठी मात्र एकच टेस्ट केस होती आणि तिच्यात नवा दर महिन्याच्या १ तारखेपासून लागू होत होता. नवे बिल ज्या दिवशी सुरू होते त्याच दिवशी दर बदलला, तर ही चूक दिसणे शक्यच नव्हते. म्हणजे टेस्ट केस होती, ती दर वेळी उत्तीर्णही होत होती, आणि तिचा उपयोग शून्य होता.

त्यानंतर आम्ही जोखमीनुसार चाचणीची पद्धत बसवली. रिलीजच्या आधी दोन तास चार जण एकत्र बसतात : कोड लिहिणारा, मी, गावोगावी जाऊन यंत्रे जोडून देणारा सहकारी आणि शक्य असेल तेव्हा फोनवर एखाद्या संस्थेचे सचिव. प्रत्येक जोखीम आम्ही एका यादीत पूर्ण वाक्यात लिहितो. ‘बिलिंग मॉड्यूल : जोखीम जास्त’ असली नोंद आम्ही बाद करतो, कारण तिच्यातून काय तपासायचे हे कोणालाच कळत नाही. काय चुकेल, त्यामुळे कोणाचे काय नुकसान होईल आणि ते कोणाच्या लक्षात कधी येईल, हे तिन्ही त्या वाक्यात आलेच पाहिजे.

यातील तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटू लागला आहे. प्रिंटर बंद पडला, तर रांगेतील पहिलाच माणूस ओरडतो. फॅटचा दुसरा दशांश गाळला गेला, तर वर्षभर कोणी ओरडत नाही आणि नुकसान रोज साचत राहते. बोंब मारणारी चूक आणि मुकी चूक यांचे वरवरचे नुकसान सारखे दिसले, तरी चाचणीचा वेळ मुक्या चुकीला जास्त द्यावा, असा आमचा नियम झाला आहे.

चूक घडण्याची शक्यता किती, हे ठरवताना अंदाजापेक्षा पुरावे पाहतो : या रिलीजमध्ये कोणता कोड बदलला, तो कितीदा बदलला, त्या भागात पूर्वी किती बग निघाले, तो भाग बाहेरच्या यंत्रावर अवलंबून आहे का, आणि मूळ लिहिणारा माणूस अजून कंपनीत आहे का. मग चाचणीची खोली ठरते. वरच्या गटातील जोखमीसाठी सीमेवरच्या किमती (मर्यादेच्या अगदी टोकाची मूल्ये), निर्णय-सारणी (अटींच्या प्रत्येक जुळणीला कोणते उत्तर यावे याचा तक्ता) आणि स्प्रेडशीटमध्ये स्वतंत्रपणे काढलेल्या रकमांशी ताळा, एवढे सगळे होते. मधल्या गटासाठी नेहमीचे रिग्रेशन, म्हणजे जुन्या टेस्ट केस पुन्हा चालवणे, पुरते. खालच्या गटातील गोष्टी एकदा चालवून पाहतो आणि सोडून देतो. हे सोडून देणेही यादीत लिहितो.

सीमेवरच्या किमतींचे एक उदाहरण देतो, कारण ते आम्हाला फार उशिरा सुचले. आम्ही ‘दहा दिवसांचे बिल’ म्हणतो खरे, पण महिन्याचे तिसरे बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे असते. ते तीस दिवसांच्या महिन्यात दहा दिवसांचे, एकतीस दिवसांच्या महिन्यात अकरा दिवसांचे आणि फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचे भरते. आमची सगळी तपासणी १ ते १० या पहिल्या बिलावर होत होती.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीला आम्ही प्रत्येक जोखमीला शक्यतेसाठी १ ते ५ आणि परिणामासाठी १ ते ५ असे गुण देऊन गुणाकार करत असू. पुढे मी एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाचा चौकशी अहवाल वाचला आणि या आकड्यांवरचा माझा विश्वास डळमळला.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून सुटलेले ते रॉकेट उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, मार्ग सोडून फुटले. दिशादर्शक प्रणालीतील आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. संख्या मावली नाही, संगणक थांबला आणि त्याने पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली. एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला धक्का बसला तो पुढच्या तपशिलाने. अशा सात संख्या धोक्याच्या आहेत, हे एरियन ४ या आधीच्या रॉकेटच्या काळीच शोधून काढलेले होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, म्हणून त्यांतील चार संख्यांना संरक्षण दिले गेले आणि उरलेल्या तीन संख्या एवढ्या मोठ्या होऊच शकत नाहीत असे ठरवून तशाच सोडल्या. म्हणजे जोखीम ओळखली होती, तोलली होती आणि विचारपूर्वक स्वीकारली होती. एरियन ४ साठी तो निर्णय योग्यही होता. एरियन ५ चा आडवा वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता. या निर्णयामागचे कारण कोडमध्ये कोठेही लिहिलेले नव्हते. ते कागदपत्रांच्या ढिगात होते आणि बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेस पडण्याजोगे नव्हते.

त्या तीन संख्यांपुढे कोणी ‘शक्यता १’ असे लिहिले असते, तर तो आकडा नव्या रॉकेटच्या यादीतही जसाच्या तसा उतरला असता. ‘आडवा वेग अमुक मर्यादेतच राहतो, कारण एरियन ४ चा मार्ग असा आहे’ असे वाक्य असते, तर ते वाचून कोणीतरी थबकले असते. म्हणून आता आमच्या यादीत प्रत्येक कमी जोखमीपुढे ती कमी का मानली, याचे गृहीतक लिहिणे सक्तीचे आहे. गुणांचा रकाना अजून काढलेला नाही. तो ठेवावा का, यावर इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

*

नवशिका टेस्टर

एक प्राथमिक शंका विचारतो. चार जणांनी दोन तास बसून केलेली यादी अपुरी राहिली, तर यादीबाहेरचे बग कोण शोधणार?

*

चाकणी

मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर तपासतो, त्यामुळे गुणाकाराच्या या प्रथेशी माझा जुना परिचय आहे आणि तिच्याविषयी मनात जुना रागही आहे. अमेरिकी लष्कराने १९४९ मध्ये बिघाडांच्या विश्लेषणाची एक लेखी पद्धत आखली. तीच पुढे वाहन उद्योगात रुजली आणि तीव्रता, वारंवारता व सापडण्याची शक्यता यांना १ ते १० गुण देऊन तिन्हींचा गुणाकार करण्याची रीत पडली.

अडचण अशी आहे की हे गुण क्रम दाखवतात, माप दाखवत नाहीत. तीव्रता ८ ही तीव्रता ४ च्या दुप्पट आहे, असे कोणीही कधी मोजलेले नसते. तरी गुणाकार करताना आपण तसेच धरून चालतो. त्यातून ब्रेक निकामी होण्याची दुर्मीळ शक्यता आणि दरवाज्याच्या पट्टीचा रोजचा आवाज यांना सारखेच गुण मिळू शकतात. शिवाय बैठकीत एकदा ‘१०० च्या वर गेले तरच कृती’ अशी रेघ आखली गेली, की गुण ९६ वर आणून बसवण्याची कला सर्वांनाच अवगत होते. मी स्वतः तीत बऱ्यापैकी पारंगत होतो.

अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगांच्या संघटनांनी २०१९ च्या संयुक्त पुस्तिकेत हा गुणाकार सोडून दिला आणि त्याजागी उच्च, मध्यम व कमी असा कृतीचा अग्रक्रम सांगणारी सारणी आणली. त्या सारणीत तीव्रतेला पहिले स्थान आहे. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचे आयएसओ २६२६२ हे मानकही गुणाकार करत नाही. इजा किती गंभीर, तशी परिस्थिती किती वेळा येते आणि चालकाला गाडी सावरता येईल का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ए ते डी अशी पातळी सारणीतून वाचायला सांगते. दशमान, तुम्ही गुणांचा रकाना काढून टाका आणि सचिव व उत्पादक यांच्या भाषेत तीन पायऱ्यांची एक छोटी सारणी करा, असे मी सुचवेन. ‘पैसे चुकीचे वाटले गेले आणि परत मागावे लागले’ ही आपोआप सर्वांत वरची पायरी होईल.

*

निळी शाई

चाकणी यांच्याशी सहमत आहे, आणि एक पाऊल पुढे जाऊन असे म्हणेन की सॉफ्टवेअरच्या बाबतीत ‘शक्यता’ हा रकानाच संशयास्पद आहे. मी वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करते. आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या विकासप्रक्रियेसाठी आयईसी ६२३०४ हे मानक आहे. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत असे स्पष्ट सांगितले होते की सॉफ्टवेअरच्या बिघाडातून धोका उद्भवू शकत असेल, तर सॉफ्टवेअरचा सुरक्षा-वर्ग ठरवताना तो बिघाड होण्याची शक्यता १०० टक्के धरावी. वर्ग ए, बी की सी, हे मग केवळ संभाव्य इजेवर ठरत असे.

हा कडकपणा मला सुरुवातीला अतिरेकी वाटला होता, पण त्याला इतिहास आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार दिला आणि त्यात मृत्यूही झाले. त्याआधी १९८३ मध्ये उत्पादक कंपनीने त्या यंत्राचे सुरक्षा-विश्लेषण केले होते. त्यात ‘संगणकाने चुकीची ऊर्जा निवडणे’ या घटनेपुढे एकावर अकरा शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येत एक, एवढी नगण्य शक्यता लिहिलेली होती. कोडमधील चुका त्या विश्लेषणात धरलेल्याच नव्हत्या. आधीच्या यंत्रांत चूक अडवणारे स्वतंत्र यांत्रिक अटकाव असत. या यंत्रात ते काम बव्हंशी सॉफ्टवेअरवर सोपवलेले होते. प्रत्यक्ष बिघाड किती किरकोळ असावा? त्यातील एका प्रकारात आठ बिटांचा एक गणक दर २५६ व्या वेळी शून्यावर येई, आणि नेमक्या त्या क्षणी कळ दाबली गेली तर तपासणी वगळली जाई.

यंत्राचा भाग झिजतो, म्हणून त्याच्या बिघाडाची शक्यता वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून सांगता येते. कोड झिजत नाही. चुकीची ओळ पहिल्या दिवसापासून चुकीचीच असते आणि योग्य इनपुटची वाट पाहत असते. एरियनमध्येही दोन दिशादर्शक संगणक होते, पण दोहोंत एकच सॉफ्टवेअर असल्याने राखीव संगणक मुख्य संगणकाच्याही क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडला. दोन प्रती ठेवल्याने शक्यता कमी होते, हा हिशेब झिजणाऱ्या वस्तूंचा आहे.

*

दशमान

निळी शाई, आपला मुद्दा मान्य आहे, परंतु आमच्यासारख्या ठिकाणी तो पूर्णपणे अमलात आणणे परवडणार नाही. सर्वच बिघाडांची शक्यता १०० टक्के धरली, तर वरच्या पायरीवर इतक्या गोष्टी जमा होतील की क्रम लावण्याचा हेतूच उरणार नाही. परिणामावरून पायरी ठरवावी आणि शक्यतेचे पुरावे फक्त त्या पायरीच्या आत ‘आधी काय तपासायचे’ यासाठी वापरावेत, असा मध्यम मार्ग मला सुचतो. म्हणजे शक्यता कमी आहे, या कारणाने कोणतीही जोखीम खालच्या पायरीवर घसरणार नाही. चाकणी, गुणांचा रकाना उद्याच काढतो.

नवशिका टेस्टर, यादीबाहेरच्या बगसाठी आम्ही चाचणीच्या वेळाचा साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवतो. त्या वेळात टेस्टरने यादी बाजूला ठेवून, संस्थेतला माणूस जसा घाईत वापरेल तशी प्रणाली वापरायची. तेथे सापडलेला प्रत्येक बग पुढच्या बैठकीत एक प्रश्न घेऊन येतो : हा आपल्याला आधी का सुचला नाही? पाचवा हिस्सा हा आकडा कोठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. तेवढाच वेळ मालकांनी मंजूर केला.

*

अर्धविराम

धागा कोडमधील चुकांवर केंद्रित झाला आहे, म्हणून बँकिंगकडची एक भर घालतो. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली सगळी खाती नव्या प्रणालीवर हलवली आणि लाखो ग्राहकांना खाते वापरता येईना. पुढे २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. स्वतंत्र चौकशीत जे पुढे आले, त्यातील एक बाब या धाग्याशी थेट संबंधित आहे. नवी प्रणाली एकाच वेळी दोन डेटा सेंटरांतून चालणार होती, परंतु भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकाच सेंटरवर केली गेली. ‘दुसरे सेंटर पहिल्यासारखेच आहे’ हे गृहीतक कोणी यादीत लिहिले असते, तर ते तपासायला फार मोठे कौशल्य लागले नसते. अशी गृहीतके बहुधा यादीत येत नाहीत, कारण ती कोणाला गृहीतके वाटतच नाहीत.

तसेच, चाचणीत वापरलेली माहिती हेही गृहीतकच असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अद्ययावत फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. फाइलच्या व्याख्येत २१ रकाने होते आणि वाचणाऱ्या कोडला २० च मिळत होते. चाचणीत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे चिन्ह असल्याने तो रकाना प्रत्यक्षात कधी वाचलाच गेला नाही. दशमान यांची १ तारखेची टेस्ट केस आणि हा एकविसावा रकाना यांत मला तत्त्वतः काही फरक दिसत नाही.

*

दूधवाट

मी टेस्टर नाही. एका गावच्या दूध संस्थेचे हिशेब पाहतो आणि कोणीतरी दुवा पाठवला म्हणून हा धागा वाचला. तांत्रिक भाग पुष्कळसा डोक्यावरून गेला, पण गृहीतकांचा मुद्दा समजला आणि त्यावरून एक प्रश्न विचारावासा वाटतो. काटा किलोत मोजतो आणि आम्ही पैसे लिटरवर देतो. दूध लिटरमागे किलोपेक्षा थोडे जड भरते, म्हणून प्रणाली आतल्या आत कोणत्यातरी गुणकाने भागत असणार. तो गुणक तुमच्या यादीत आहे का? गायीच्या आणि म्हशीच्या दुधाला तो एकच आहे का? आमच्याकडे संकलनाचे लिटर आणि वर संघाला पाठवलेल्या दुधाचे लिटर यांत रोज थोडा फरक येतो. तो आम्ही सांडलवंडीत टाकतो, कारण दुसरे काही करता येत नाही.

*

दशमान

दूधवाट, आपला प्रश्न वाचून आज संध्याकाळी कोड उघडून बसलो. गुणक आमच्या यादीत नाही. गाय आणि म्हैस असा भेद कोडमध्ये कोठेही केलेला नाही. काट्याकडून वजन घेणाऱ्या भागात १.०३ हा गुणक आहे, आणि संघाकडे जाणाऱ्या अहवालाच्या भागात, जो वेगळ्या माणसाने वेगळ्या वर्षी लिहिला, १.०२९ आहे. दोन्ही आकडे थेट कोडमध्ये लिहिलेले आहेत आणि कोणापुढेही कारण दिलेले नाही. हजार लिटरमागे साधारण एका लिटरचा फरक पडतो आणि तो दर सत्रात पडतो.

आपल्या संस्थेत आमचीच प्रणाली आहे की नाही, हे मला ठाऊक नाही आणि येथे विचारणे योग्यही नव्हे. आमच्या यादीत मात्र वरच्या पायरीवर नवी नोंद केली आहे : ‘किलोचे लिटर करण्याचा गुणक दोन ठिकाणी निरनिराळा आहे, त्यामुळे संकलन आणि विक्री यांचा ताळा रोज थोडा चुकतो, तो सांडलवंडीत जात असल्याने कोणाच्याही लक्षात येत नाही.’ गृहीतकाच्या रकान्यात काय लिहावे, हे ज्याने १.०२९ लिहिले त्याला विचारायचे आहे. तो आता कंपनीत नाही. उद्या त्याचा फोन लागतो का, ते पाहतो.